वाळ्यातलं कथील

रूथ, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली शेवटी माझ्याकडे आली. हसू नकोस. इतिहासाच्या बाईच्या हाती ॲसिडच्या बाटल्या देणं हे काही शहाण्या शाळेचं लक्षण नव्हे, पण विज्ञानाच्या नव्या बाई जूनमध्ये येणार आणि तोवर किल्ली कुणाकडे तरी हवी. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तुमची मैत्रीण होती, तुम्हीच सांभाळा. मैत्रिणीची माया असली की नायट्रिक ॲसिड चावायचं थांबतं, असं त्यांना वाटत असावं. किल्लीला तू बांधलेली लाल नाडी अजून तशीच आहे. ती बोटाला गुंडाळून मी कपाटापुढे उभी राहिले आणि घंटा होऊन गेली तरी वर्गावर जायचं मला सुचलं नाही.

शाळेच्या अंकात तुझ्यावर लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं आहे. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, स्वभाव कसा, सगळं दोन पानांत बसवा म्हणाल्या. मी बसले लिहायला आणि ‘मनमिळाऊ’ हा शब्द लिहून लगेच खोडला. तू कुठली आलीस मनमिळाऊ! तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे बसकण मारलेल्या म्हशीला उठवायचं. समोरच्यानं घसा कोरडा करावा, हात नाचवावेत, आणि सगळं ऐकून घेऊन तू म्हणावंस, “झालं? आता मी बोलू?” अंकाची दोन पानं मी देईन कधीतरी खरडून. हे मात्र तुलाच लिहितेय, कारण एक गोष्ट घडली आहे आणि ती दुसऱ्या कुणाला सांगून जिवाचं समाधान व्हायचं नाही.

धोंडीचा वाळा कापला गं.

आता तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून सांगू दे. भांडणात माझी बाजू मी नेहमी पहिल्यापासूनच मांडत आले आणि तूही ती दर वेळी मुकाट्यानं ऐकलीस.

शिरूरहून कवठ्याच्या वाटेला, घोड नदीच्या काठी ती वस्ती आणि वस्तीच्या अंगाला ते पांढरीचं टेकाड. जुनं गाव जिथं मातीला मिळालं तिथली माती पांढुरकी होते, आणि ती धाब्यावर घालायला उत्तम म्हणून आसपासची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेतात. हजारो वर्षांपूर्वी कुणी सारवलेल्या चुली आज आपल्या लोकांच्या छपरांवर पसरलेल्या आहेत आणि त्याची कुणाला खंत नाही. मी तिथे रंगीत खापऱ्या वेचायला जायची. तू रविवारची उपासना आटोपून वस्तीवरच्या ख्रिस्ती घरांना भेटायला जायचीस. शाळेत आपली नुसती तोंडओळख होती. पण एस. टी. एकच, परतीची वाट बघायचं लिंबाचं झाड एकच, आणि मला गप्प बसवत नाही. मग मैत्री झाली नसती तर नवल होतं.

सखूआजीचा मळा त्या टेकाडाला लागूनच. मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन ती बाजाराच्या दिवशी शिरूरला यायची, म्हणून आपल्याला चांगली ठाऊक होती. तिच्या मुलाची दोन लेकरं एकामागोमाग गेली, दोन्ही अंगावर पीत असतानाच. तिसरी मुलगी झाली तेव्हा आजीनं तिला पांढरीच्या मातीवर निजवलं, पाठ फिरवली, आणि शेजारणीनं ‘हे कुणाचं पोर’ म्हणत उचलून आणून परत हवाली केलं. लेकरं जगत नाहीत त्या घरात असंच करतात. पोर आपलं नव्हेच, सापडलेलं आहे, असं मरणाला दाखवायचं. नावही धोंडी ठेवलं, म्हणजे कुणाला हेवा वाटू नये. त्याच सुमाराला माती खणताना आजीला एक वाळा सापडला. एकच, जोडीतला दुसरा नाहीच. लहान लेकराच्या पायाचा, हिरवा पडलेला. ज्या मातीनं पोर दिलं तिनंच पोरीचा दागिना दिला, अशी आजीची खात्री पटली. तिनं तो धोंडीच्या पायात घातला, लोहाराकडून तोंडं जुळवून घेतली, आणि धोंडी जगली.

आपण पहिल्यांदा पाहिला तेव्हा धोंडी रांगत होती आणि वाळा तांबूस, मळकट दिसत होता. मी सहज विचारलं, हा कुठला. आजी म्हणाली, पांढरीत घावला. माझे तर पाय जमिनीवर ठरेनात. तू मात्र पुढच्या रविवारी कानस घेऊनच आलीस, पोरीच्या पुढ्यात बसलीस, तिच्या हातात गुळाचा खडा दिलास, आणि ती तो चघळत होती तोवर बारीक कानशीनं वाळ्याच्या कडेचा चिमूटभर कीस कागदावर पाडलास. पोरीला पत्ताही लागला नाही. आजीला वाटलं, बाई वाळा पुसून देतायत.

सोमवारी शाळा सुटल्यावर तू मला प्रयोगशाळेत बोलावलंस. किसाचे आधी दोन भाग केलेस आणि एक भाग पुडीत बांधून कपाटात ठेवलास. मी म्हटलं, एवढासा तर कीस आणि त्यातही काटकसर? तेव्हा तू तुझ्या बाबांचं सांगितलंस. दौंडच्या रेल्वेत ते इंजिनाच्या पाण्याची परीक्षा करायचे. बॉयलरमध्ये भरायच्या पाण्यात क्षार किती, ते बघायचं काम. बाटलीतलं अर्धं पाणी तपासायचे, अर्धं ठेवून द्यायचे, आणि ते इंजिन फेरी करून धडधाकट परत आलं की मगच ओतून टाकायचे. “आपलं चुकलं असेल तर कुणीतरी दुसऱ्यांदा बघायला हवं ना,” असं म्हणायचे म्हणालीस. दौंडच्या क्वार्टरमधल्या खिडकीत त्या बाटल्यांची रांग असायची आणि तुम्हा भावंडांना तिला हात लावायची बंदी होती.

मग परीक्षानळीत ॲसिड, त्यात कीस, खाली स्पिरिटचा दिवा. तपकिरी धूर निघाला तशी तू मला खिडकीकडे ढकललंस. नळीतलं पाणी निळसर हिरवं झालं. ते तांबं, म्हणालीस. आणि मग बुडाशी पांढरा गाळ बसायला लागला, तांदळाच्या धुवणासारखा. तू तो बराच वेळ बघितलास. आणखी कसली कसली पारख केलीस, ते माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणालीस, “कथील आहे.”

रूथ, तो दिवस मी विसरायची नाही. आपल्या या काळ्या खडकात तांबं नाही आणि कथीलही नाही. तांबं परप्रांतातून येत असणार हे पुण्याच्या संशोधकांना ठाऊक होतं. पण कथील त्याहून कितीतरी दुर्मिळ. ते घोड नदीच्या काठी, एका तान्ह्या लेकराच्या पायात! म्हणजे लोखंड माहीत नसलेल्या त्या माणसांकडेसुद्धा कुठून कुठून माल येत होता. कुणाच्या पाठीवरून, कुणाच्या बैलावरून, या गावातून त्या गावात हातोहात. मी पोरींना नुसत्या लढाया आणि राजे शिकवून कंटाळले होते गं. आणि इथे एका नळीच्या बुडाशी बिनराजाचा इतिहास बसला होता. मी प्रयोगशाळेत गिरकी घेतली आणि तुझी एक नळी फोडली.

तू म्हणालीस, थांब. मी थांबते होय? पुण्याचे एक संशोधक तेव्हा नदीकाठची टेकाडं बघत हिंडत होते. मी त्यांना गाठून सांगून मोकळी झाले आणि त्यांनीही उन्हाळ्यात येतो म्हणून कबूल केलं. शाळेच्या संमेलनात मी ‘आपली घोड नदी आणि दूरचे व्यापारी’ यावर भाषणही ठोकलं. खाली उतरल्यावर तू एवढंच म्हणालीस, “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.” मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? तू स्वतः कथील काढून दाखवलंस ना?

आणि मग तो बाजाराचा दिवस. वसतिगृहाची भांडी घेऊन तू कल्हईवाल्याकडे गेली होतीस, मी सोबत. त्यानं पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढऱ्या धुराचा लोट उठला. कथलाची कांडी आत फिरवली, कापसाचा बोळा घासला, आणि काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं झालं. हे आपण जन्मभर बघत आलो. पण तू पातेली तिथेच ठेवून मेथीच्या ढिगामागे बसलेल्या सखूआजीकडे गेलीस. मी मागोमाग.

“आजी, त्या वाळ्याला कधी कल्हई केली होती का?”

“व्हय की,” आजी म्हणाली. “बारशाला. ह्योच कल्हईवाला. चांदी कुठनं आनायची बाई? म्हनलं, निदान चांदीवानी दिसंल तरी. लई झ्याक दिसत व्हता तवा. आता उडाली समदी.”

घरातल्या पहिल्या जगणाऱ्या नातीच्या बारशाला चार लोकांत तिचा पाय उजळ दिसावा, एवढंच तिच्या मनात होतं. इथे मात्र माझा सगळा व्यापारी तांडा शिरूरच्या बाजारात कल्हईवाल्याच्या भट्टीपुढे येऊन थांबला. तू मला टाकून बोलली नाहीस, हे तुझे उपकार. पण परत जाताना म्हणालीस की ते कथील त्यांचं की ह्यांचं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. “मी वरवरचा कीस काढला. आतला काढायला हवा होता. निकाल मी मागे घेते.”

पुण्याचे संशोधक आले तेव्हाही तू तेच सांगितलंस, माझ्यादेखत. माणूस भला होता. म्हणाला, बाई, त्यात काय एवढं, वाळा कापून आतला नमुना घेऊ, म्हणजे सोक्षमोक्ष होईल. आपण तिघं वस्तीवर गेलो. मी आजीला म्हटलं, त्या बदल्यात मी धोंडीला चांदीचे वाळे करून देते, खऱ्या चांदीचे, जोड. धोंडीची आई दारात उभी होती. तिनं पोरीला उचललं आणि ती आत गेली. आतून तिच्या हुंदक्याचा आवाज आला. आजीचा चेहरा पार उतरला. तिला आपल्याला नाही म्हणवेना. वस्तीवरच्या पोरांना आपण पाटी-पेन्सिल दिलेली, औषधं आणून दिलेली.

“रूथबाई,” ती म्हणाली, “पाच वर्सं तगली की मंग भ्या न्हाई आसं समदी म्हन्त्यात. तवर काडू नी. पर तुमी कापा म्हनलात, तर मी न्हाई म्हननार न्हाई.”

सगळं तुझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. मी तुझ्याकडे बघत होते. मला पक्कं वाटलं होतं की तू हो म्हणशील. खरं काय ते कळावं म्हणून जिवाचं रान करणारी तू, वर्गात चुकीचं उत्तर आलं तर आख्खा प्रयोग परत करायला लावणारी.

तू म्हणालीस, “मी कापा म्हणत नाही.”

आणि मग आजीजवळ उकिडवी बसलीस. पाय वाढला की वाळा रुतेल, तेव्हा तो कापावाच लागेल ना, असं विचारलंस. आजी म्हणाली, लागंल की. तेव्हा तू तिला समजावलंस. कापायच्या जागी आधी वरची कातडी कानशीनं घासायची, तो भुगा वेगळ्या पुडीत. मग कानस पुसायची. मग आतलं तांबं घासायचं, तो भुगा दुसऱ्या पुडीत. दोन्ही पुड्या मला आणून द्यायच्या. “तोवर मी थांबते,” म्हणालीस.

संशोधकांनी घड्याळ बघितलं. मी तर संतापानं नुसती जळत होते. लिंबाखाली एस. टी.ची वाट बघताना मी तुला काय काय बोलले ते तुला आठवत असेलच. म्हटलं, कमाल आहे, इतक्या वर्षांपूर्वीचा पुरावा आता एका पोरीचा पाय वाढायची वाट बघणार. मधल्या काळात वाळा नदीत पडला तर? चोरीला गेला तर? आणि म्हटलं, तू ख्रिस्ती, तुझा तरी त्या वाळ्यावर विश्वास आहे का?

“माझा नाही,” तू म्हणालीस. “पण पोरगी माझी नाही. उद्या वाळा कापला आणि परवा तिला ताप आला, तर त्या बाईला मी काय नळी दाखवू?”

मी म्हटलं, ताप यायचा तो येतोच. तू म्हणालीस, हो, म्हणूनच.

पण मला अजूनही वाटतं की तू त्या दिवशी चुकलीस. जे कळण्यासारखं आहे ते कळून घेतलं पाहिजे, हे मी तुझ्याकडूनच शिकले होते, आणि तूच ऐन वेळी पाय मागे घेतलास. संशोधक परत काही आले नाहीत. मोठ्या खोदकामात ते गुंतले, त्यांना दहा टेकाडं होती. आपल्याला एकच होतं.

चैत्रात भांडलो आणि दिवाळीपर्यंत आपण कामापुरत्या बोलत होतो. दिवाळीला मी फराळाचा डबा तुझ्या टेबलावर ठेवला. नाताळात तू माझ्या टेबलावर करंज्या ठेवल्यास. तुझ्या करंज्यांत नेहमीप्रमाणे खोबरं जास्त. ते सांगायला म्हणून मी तोंड उघडलं आणि मग ते बंद झालंच नाही.

त्यानंतर बाजाराच्या दिवसांना एक नवं काम लागलं. तू मेथीची जुडी उचलायचीस आणि आजीला विचारायचीस, करंगळी जाते का? म्हणजे वाळा आणि पाय यांच्यामध्ये करंगळी शिरते का. आजी हसून आपली करंगळी वर करायची. “जाती जाती. ढिल्ला हाय आजून.” बाजूच्या बायांना काही कळायचं नाही. एका पावसाळ्यात धोंडीला गोवर निघाला. तू शाळेतून तशीच गेलीस, चिखलातून, औषधं घेऊन, आणि ताप उतरेपर्यंत रोज जात राहिलीस. वाळ्यानं वाचवली, आजी म्हणाली. तू म्हणालीस, बरं झालं आजी. मला हसू आलं होतं आणि तुझा रागही आला होता. वस्तीवरून परतताना तू एस. टी.त माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. तेव्हा मनात आलं होतं की हिच्यासारखं थांबता येणं मला या जन्मी जमायचं नाही. हे मी तुला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी वर्गात ते सगळ्यांना सांगितलं असतंस.

तुझं दुखणं निघालं आणि रेल्वेतच लागलेला तुझा शमुवेलदादा तुला दौंडच्या त्याच क्वार्टरमध्ये घेऊन गेला. मी यायची तेव्हा तू खिडकीशी असायचीस, त्याच खिडकीशी जिथे बाबांच्या बाटल्या असायच्या. यार्डातून इंजिनाची शिट्टी झाली की तू बोलता बोलता थांबायचीस. तुझा आवाज बारीक झाला होता. शेवटच्या खेपेला मी तुला शाळेतल्या भानगडी सांगत होते, तुझं लक्ष नव्हतं. मध्येच म्हणालीस, “करंगळी जाते का गं अजून?”

मी म्हटलं, जाते. मला ठाऊक नव्हतं. बरेच दिवस आजी बाजारात दिसली नव्हती. पण तुला वाट बघायला काहीतरी असावं असं मला वाटलं.

तुझ्या दफनाला मी उशिरा पोचले. शिरूर-दौंड गाडी वाटेत बंद पडली आणि ड्रायव्हर बॉनेट उघडून तपासत बसला. मी त्याला इतकी बोलले की कंडक्टरनं मला दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. दफनभूमीत शिरले तेव्हा गीत म्हणून झालं होतं, माती लोटून झाली होती, लोक पांगत होते. मी तरी मूठभर माती टाकलीच. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. रडायला मला परतीच्या गाडीतच आलं, तेही एका अनोळखी बाईनं ‘उलटी होतीय का’ असं विचारलं तेव्हा.

आणि गेल्या बाजाराच्या दिवशी सखूआजी शाळेच्या दारात उभी. धोंडीचा हात धरून. धोंडी केवढी झाली गं! परकर वर धरून तिनं मला मोकळा पाय दाखवला. घोट्यावर फिकट पट्टा उमटला आहे.

“रूथबाई कुठं हायेत?” आजीनं विचारलं.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती पायरीवर बसली. पदरानं तिनं तोंड दाबलं. धोंडी एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मग आजीनं कमरेची पिशवी सोडली. आत वाळा होता, कापलेला, आणि फडक्यात बांधलेल्या दोन पुड्या. एका पुडीला काळा दोरा, दुसरीला लाल.

“पाच वर्सं भरली, करंगळी जाईना, म्हनून कापला. काळ्यात वरचा भुगा हाय. तांबड्यात आतला. कानस फुसली व्हती मधी, सोनाराला तीनदा बजावलं. बाई म्हनल्या व्हत्या तसंच केलं.” मग पुड्या ओंजळीत धरून म्हणाली, “आता ह्ये कुनाला द्यू?”

मी म्हटलं, मला द्या.

आजीनं माझ्याकडे नीट बघितलं. “तुमाला जमंल?” म्हणाली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

मग मी शाळा सुटल्यावर तुझं कपाट उघडलं. तुझ्या हाताखाली इतकं बघितलं होतं तेवढ्याच भरवशावर. लाल दोऱ्याची पुडी सोडली. आतला कीस लालबुंद होता, नुसता तांब्याचा रंग. मला वाटलं, संपलं. आत कथील नाहीच, रूथनं निकाल मागे घेतला तेच खरं. आधी दोन भाग केले. एक भाग परत बांधून ठेवला. ॲसिड ओतताना थोडं टेबलावर सांडलं. तिथे आता डाग पडला आहे. नव्या बाई विचारतील, तर तुझं नाव सांगणार आहे. धूर निघाला तशी मी आपण होऊन खिडकीशी गेले. पाणी निळसर हिरवं झालं. मी बघत राहिले. खालून काही दिसेना. मग दिवा थोडा वर धरला, नळी उजेडाकडे केली, आणि बुडाशी ते धुवण.

थोडंसंच आहे गं. तेव्हापेक्षा कमी. पण आहे.

तुझा पहिला निकाल बरोबर होता, रूथ. तू स्वतःच्या हातानं मागे घेतलास तो. कल्हईवाल्याचं कथील वर होतं आणि त्यांचं आत होतं. दोन्ही एकाच वाळ्यात, आणि तुला दोन्ही दिसायला हवी होती. मी प्रयोगशाळेत एकटी बसून मोठमोठ्यानं रडले. आधी दुःखानं, मग रागानं. तेव्हाच कापला असता तर तुला कळलं असतं! हे मी तुला बजावून सांगणार होते. हे लिहायला बसले तीही त्यासाठीच.

पण आज परत बाजार होता. आजी मेथी घेऊन बसली होती, शेजारी धोंडी जुड्या बांधत होती. मी आजीला सांगितलं की वाळ्याच्या आतल्या तांब्यातही कथील निघालं. ज्यांनी तो घडवला त्यांनीच ते मिसळलं असणार, आणि ते आपल्याकडे होत नाही, फार लांबून आलं असणार.

आजीनं जुडीवर पाणी शिंपडलं. “म्हंजी त्या आईनंबी कथील घातलं व्हतं?”

“हो.”

“लेकराच्या पायात काय तरी चांगलं आसावं वाटलं आसंल तिला,” ती म्हणाली. आणि मग धोंडीकडे बघत म्हणाली, “तिचं जगलं का वो ते?”

वाळा एकटाच मातीत सापडला, जोडीतला दुसरा नाही. कुणाच्या पायातून निसटला, की कुणी काढून ठेवला, की पायासकट मातीत गेला, हे कुठल्या नळीत निघतं? मी म्हटलं, माहीत नाही आजी. तिनं मान हलवली. धोंडी उठून गिऱ्हाइकामागे धावली, दोन्ही मोकळ्या पायांनी, आणि आजी ती परत येईपर्यंत तिकडेच बघत राहिली. त्या बाईला मी काय नळी दाखवू, असं तू म्हणाली होतीस. ते मला आज भर बाजारात, मेथीच्या ढिगापुढे उभं असताना ऐकू आलं.

तरी मी हार मानलेली नाही हं. लाल दोऱ्यातला उरलेला अर्धा भाग तुझ्या कपाटात, तुझ्या खणात ठेवला आहे. एका नळीवर विश्वास ठेवू नये, दुसऱ्या कुणीतरी परत बघावं. पुण्याला मोठी यंत्रं आहेत. पाठवीन तिकडे, पाठवावाच लागेल. पण इतक्यात नाही. इंजिन परत यायच्या आधी तुझ्या बाबांनी नसती ओतली बाटली. आणि चांदीचे वाळे मी धोंडीला करायला टाकले आहेत, कबूल केले होते म्हणून. तिच्या पायाला आता ते मोठ्या मापाचे लागतील.

तेव्हाच कापायला हवा होता, असं माझं म्हणणं आहे. नको होता, असं तुझं. मी पहिल्यापासून सगळं मांडलं आहे, काही ठेवलं नाही.

झालं माझं, रूथ. आता तू बोल.